भावाचा राग, पंधराशे रुपये आणि कँटीनमधली नोकरी

भांडुपहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीप्रमाणे त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांचे वय ४६ आहे, पतीच्या निधनाला तीन वर्षे झाली आहेत आणि मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोळ्यांच्या ऑर्डरी आणि मुलीच्या शिकवण्या मिळून महिन्याला सुमारे १४,००० रुपये घरात येतात. पती गेल्यापासून डोंबिवलीला राहणारे त्यांचे थोरले बंधू दरमहा २,००० रुपये पाठवत असत. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे १,५०० रुपये खात्यात जमा होऊ लागल्यावर ताईंनी त्यांना, "दादा, आता नका पाठवू," असे सांगितले. यंदा गणपतीत सगळे नातेवाईक जमलेले असताना दादा म्हणाले, "बाबांनी संप होईपर्यंत गिरणीच्या साचेखात्यात काम केले, पण कुणाचे फुकटचे खाल्ले नाही. तू मात्र सरकारच्या ओंजळीने पाणी प्यायला लागलीस."

ताई लिहितात, "पैसे आल्याचा मेसेज वाजला की मला हायसे वाटते आणि लगेच त्याची लाजही वाटते. मागच्या महिन्यात चाळीस पोळ्या व्हायच्या राहिल्या असताना सिलिंडर संपला. पूर्वी अशा वेळी दादाला फोन करावा लागे. या वेळी सरळ गॅस एजन्सीला केला. तेव्हा जे वाटले ते मला कोणाला सांगताही येत नाही. मी खरेच मिंधी झाले आहे का?" त्यांचा दुसरा प्रश्न नोकरीचा आहे. विक्रोळीच्या एका कंपनीचे कँटीन चालवणारा कंत्राटदार त्यांना महिना १५,००० रुपयांवर घ्यायला तयार आहे. त्याखेरीज शनिवार-रविवारच्या ऑर्डरींचे ४,००० रुपये सुटतील. मात्र मग योजना बंद होईल, म्हणून अर्धा पगार कागदावर आणि अर्धा रोख घ्यावा, असे कंत्राटदार आणि शेजारच्या बायका दोघेही सुचवत आहेत.

प्रिय ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी सांगतो आणि मग कारणांकडे वळतो. तुम्ही मिंध्या झालेल्या नाही. आज तुम्ही योजनेच्या अटींत बसता, तोपर्यंत ते पैसे निःसंकोच घ्यावेत. नोकरी अवश्य स्वीकारावी, पगाराचा प्रत्येक रुपया कागदावर घ्यावा, आणि त्यामुळे उत्पन्न मर्यादेबाहेर गेले तर योजनेचा लाभ स्वतः अर्ज करून सोडावा. घेताना लाज वाटण्याचे कारण नाही, तसेच सोडताना हळहळण्याचेही नाही.

दादांनी वडिलांचा दाखला दिला आहे आणि तो तुम्हाला सर्वांत जास्त लागला आहे, म्हणून त्याचा विचार नीट करायला हवा. गिरणीत राबून तुमच्या वडिलांनी संसार उभा केला, हे त्यांचे कर्तृत्वच आहे. परंतु लालबागच्या ज्या खोलीत तुम्ही दोघे वाढलात, तिचे भाडे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे मालकाला मनाला येईल तसे वाढवता येत नव्हते. ते आजारी पडले तर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने औषधोपचार आणि रजेच्या काळात पगाराचा काही हिस्सा यांची तरतूद केलेली होती. त्यांचा प्रॉव्हिडंट फंड १९५२ च्या, बोनस १९६५ च्या आणि ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्याने बांधलेली होती. तुम्ही दोघे महापालिकेच्या शाळेत शिकलात आणि तुमचा जन्म पालिकेच्या केईएम रुग्णालयात झाला, हे तुम्हीच लिहिले आहे. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी वडिलांना मुकादमापुढे किंवा घरमालकापुढे हात जोडावे लागले नाहीत, आणि ते ताठ मानेने वागू शकले त्यामागे त्यांच्या स्वभावाइतकीच ही व्यवस्थाही होती. गिरणगावातल्या माणसाच्या स्वाभिमानाबद्दल आपण भरभरून बोलतो, पण त्याच्या पायाखाली कोणते कायदे होते हे सांगायचे राहून जाते, आणि पुढच्या पिढीला वाटते की ती माणसे केवळ मनगटाच्या जोरावर जगली.

हे कायदे कोणी आयते दिलेले नव्हते. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना प्रसूतीच्या काळात आर्थिक लाभ देणारे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना असे मांडले होते की आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्यामुळे तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व अशा प्रसंगी नागरिकाला साहाय्य मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व आले. त्या तत्त्वाच्या आधारे न्यायालयात दावा लावता येत नाही, हे खरे आहे. तरीही अडचणीत सापडलेल्या नागरिकाला मदत करणे हे राज्याचे काम आहे, ही भूमिका आपल्या देशाने तेव्हाच स्वीकारली.

तुमच्या आई गावाहून आलेल्या कामगारांची खानावळ चालवत असत. अशा खानावळवाल्या बायका किराणा भरायला सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसे उचलत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून या बायकांना कर्ज मिळवून दिले. बँकेचे कर्ज घेतले म्हणून त्या परावलंबी झाल्या, असे परळ-लालबागमध्ये कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. सावकाराचा पाश सुटला, एवढेच सर्वांनी पाहिले.

दादा खासगी कंपनीत हिशेब पाहतात, तेव्हा त्यांच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला असणारच. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी लावला. १९७२ च्या दुष्काळात, मुख्यतः विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून, ही योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा, ही हमी त्या कायद्याने दिली. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून गेलेल्या पैशावर मराठवाड्यातली बाई बंधाऱ्यावर माती वाहू लागली, आणि गावच्या बागायतदाराने मजुरी पाडून देऊ केली तर तिला नाही म्हणता येऊ लागले. तुमच्या प्रश्नाचे मर्म मला या ठिकाणी दिसते. नाही म्हणण्याची ताकद ज्या पैशाने येते तो पैसा स्वातंत्र्य वाढवतो, मग तो सरकारी तिजोरीतून आलेला असो वा स्वतःच्या पगारातून.

या कसोटीवर तुमचे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहा. दादांनी प्रेमाने पैसे पाठवले, यात शंका नाही. पण मुलीला चांगल्या चपला घेतल्या तेव्हा त्यांनी किंमत विचारली, मिक्सर घेतला तेव्हा जुन्याला काय झाले होते असे विचारले, आणि एका महिन्यात वहिनींशी तुमचे बिनसले तेव्हा पैसे दहा दिवस उशिरा आले, असे तुम्ही लिहिले आहे. देणारा माणूस समोर असला की घेणाऱ्याला त्याच्या मर्जीचा अंदाज घेत राहावे लागते, आणि हे ओझे देणाऱ्याच्या चांगुलपणाने कमी होत नाही. उलट तो चांगला असेल तर ते अधिकच जाणवते, कारण तक्रार करायला जागा उरत नाही. आधारशी जोडलेल्या खात्यात नियमाने येणाऱ्या पैशाला मिक्सरचा हिशेब द्यावा लागत नाही. सिलिंडर संपला तेव्हा एजन्सीला परस्पर फोन करताना तुम्हाला जे वाटले, ते हेच होते. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

अर्थात शासकीय मदत माणसाला कधीच दुबळे करत नाही, असे मी म्हणणार नाही. ती ज्या रीतीने दिली जाते, त्यावर बरेच अवलंबून असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे उदाहरण घ्या. विधवा स्त्रीला त्यातून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुंबईत एवढ्या उत्पन्नात कोणते कुटुंब तगून राहील? त्यामुळे खरी गरज असलेल्या बाईपुढे दोनच वाटा उरतात, खोटा दाखला मिळवायचा किंवा अर्जच करायचा नाही. जी अट खोटे बोलल्याशिवाय पाळताच येत नाही, ती गरीब माणसाला अपराधी करून सोडते, आणि मग प्रत्येक चौकशीला, प्रत्येक फोनला तो दचकत राहतो. तुमच्या योजनेच्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला आणि ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा तुमच्यासारख्या स्त्रियांसाठी वेगळी सोय मागाहून करावी लागली. ही दिरंगाईही मला खटकते, कारण मदतीची गरज ज्यांना सर्वाधिक आहे त्यांचाच विचार शेवटी झाला.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. चौकाचौकांतल्या फलकांवर हात जोडलेले चेहरे तुम्हाला बहीण म्हणत असतील, परंतु तो पैसा त्या चेहऱ्यांचा नाही. तुम्ही तेल, साबण, मोबाइलचे रिचार्ज घेता तेव्हा जीएसटी भरता, आणि राज्याच्या त्या तिजोरीतून अर्थसंकल्पाने मंजूर केलेली ही रक्कम आहे. २०२५-२६ साठी तिच्याकरिता ३६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. एवढा पैसा असा वाटावा, की त्यातून पाळणाघरे काढावीत आणि पालिकेच्या दवाखान्यांत जास्त डॉक्टर नेमावेत, हा वाद दादांनी जरूर घालावा. तो महत्त्वाचा वाद आहे आणि त्यातल्या काही मुद्द्यांवर मी त्यांच्या बाजूने बोलेन. मात्र तो त्यांनी आमदारांशी, मंत्र्यांशी आणि मतपेटीतून घालायचा आहे. नियमात बसून अर्ज केलेल्या बहिणीला त्याबद्दल चारचौघांत दोष देणे उचित नाही. तुम्हीही मत देताना या रकमेचे ओझे मनावर घेऊ नका. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दरमहा २,१०० रुपयांचे आश्वासन दिले गेले होते. जी रक्कम पासबुकात उमटलेली नाही, ती घरखर्चात धरू नये.

आता नोकरीकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि त्यात अविवाहित मुलीचे उत्पन्नही धरले जाते. पगाराचे १५,०००, ऑर्डरींचे ४,००० आणि मुलीच्या शिकवण्यांचे ३,००० मिळून महिन्याला २२,००० होतात, म्हणजे वर्षाला २,६४,०००. तुम्ही मर्यादा १४,००० रुपयांनी ओलांडाल आणि वर्षाचे १८,००० रुपये गमावाल. कंत्राटदार म्हणतो तसे निम्मे रोख घेतले तर कागदावर तुम्ही मर्यादेच्या आत राहाल आणि हे १८,००० वाचतील, असा शेजारणींचा हिशेब आहे. तो वरवर बरोबर दिसतो, पण त्यातली सर्वांत मोठी रक्कम त्यांनी धरलेलीच नाही.

पूर्ण १५,००० रुपये मूळ वेतन म्हणून कागदावर आले तर प्रॉव्हिडंट फंडात तुमच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये जातील, आणि तेवढेच १,८०० रुपये मालकाला स्वतःच्या खिशातून भरावे लागतील. म्हणजे मालकाचा नुसता वाटाच सरकारच्या १,५०० रुपयांपेक्षा मोठा आहे. त्यातले सुमारे १,२५० रुपये पेन्शनच्या खात्यात जातात. किमान दहा वर्षे नोकरी झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते, आणि तुमच्या हातात ५८ पर्यंत बारा वर्षे आहेत. सध्याच्या सूत्राप्रमाणे १५,००० पगार आणि बारा वर्षे यांवर महिन्याला साधारण २,५७० रुपये बसतात. पगार ७,५०० दाखवला तर हा आकडा निम्मा होईल आणि मालकाचा १,८०० रुपयांचा वाटाही ९०० वर येईल. कंत्राटदार तुमच्या योजनेची एवढी काळजी का वाहतो, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

दुसरी बाजू आजारपणाची. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराला ईएसआय, म्हणजे वर सांगितलेला कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. त्यासाठी तुमच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे सव्वाशेही नाही, एवढेच कापले जाईल. त्या बदल्यात तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलीला उपचार मिळतील, आणि आवश्यक तेवढे हप्ते भरलेले असले की आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकेल. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने तुम्ही तीन आठवडे झोपून होतात आणि त्या काळात पोळ्यांचा एक रुपयाही आला नाही, असे पत्रात आहे. तसे पुन्हा घडले तर आजारपणातल्या या रकमेचा आधार पंधराशेपेक्षा किती तरी पटीने भक्कम ठरेल. हातात येणारा पगार कपातीनंतर १३,००० च्या आसपास राहील, तरी घरातली एकूण आवक आजच्यापेक्षा महिन्याला सुमारे ६,००० रुपयांनी वाढते. योजनेचे १,५०० वजा केले तरी साडेचार हजार उरतात, आणि प्रॉव्हिडंट फंडातली शिल्लक वेगळी.

शेजारणींचा मार्ग मी नाकारतो आहे, तो केवळ नियमभंग होतो म्हणून नव्हे. उत्पन्न लपवायला सुरुवात केली की माणूस स्वतःच्या प्रगतीला घाबरू लागतो. पुढच्या वर्षी पगारवाढ मिळाली तर काय, मुलीला चांगली नोकरी लागली तर काय, अशी धास्ती घरात शिरते. सरकारी मदतीने आलेले परावलंबन म्हणतात ते मला या ठिकाणी दिसते आणि त्यापासून तुम्ही दूर राहावे, असे मला मनापासून वाटते. मर्यादेपाशी मदत एकदम तोडून टाकण्याऐवजी ती टप्प्याटप्प्याने कमी करत नेली तर लोकांवर ही वेळ येणार नाही. फिनलंडने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत २,००० बेरोजगारांना महिन्याला ५६० युरो दिले आणि काम मिळाले तरी ते बंद केले नाहीत. त्या माणसांनी काम सोडले नाही, उलट इतरांच्या तुलनेत थोडे अधिकच केले, आणि त्यांची मनःस्थितीही अधिक चांगली आढळली. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या गावांमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या 'सेवा' संस्थेने २०११ पासून असाच एक प्रयोग केला, त्यातही लोकांचे स्वतःच्या शेतीतले आणि छोट्या धंद्यातले काम वाढल्याचे दिसले. पैसे मिळाले की माणूस आळशी होतो, या समजुतीला अशा अनुभवांतून दुजोरा मिळत नाही. पंधराशे रुपयांनी कोणी सुखी होत नाही. महिनाअखेरीची धाकधूक मात्र कमी होते, आणि ती कमी झाली म्हणूनच विक्रोळीच्या नोकरीचा विचार करण्याइतकी उसंत तुमच्या मनाला मिळाली असावी.

दादांबद्दल थोडे सांगतो. त्यांचे शब्द कठोर होते आणि चारचौघांत उच्चारल्यामुळे अधिकच कठोर झाले. तरी मला त्यात तुमच्याविषयीचा तिरस्कार दिसत नाही. दर महिन्याला पैसे पाठवताना बहिणीच्या पाठीशी आपण आहोत, ही भावना त्यांना बळ देत असणार, आणि तुम्ही एका वाक्यात त्यांना त्या कामातून मोकळे केलेत. बाबांच्या नावाने ते स्वतःचे दुःख बोलून गेले असावेत. त्यांना पैशाव्यतिरिक्त तुमच्या घरात जागा हवी आहे, ती द्या. हिशेबातले त्यांना कळते, तेव्हा नेमणुकीचे कागद त्यांना दाखवा, मुलीला बी. कॉम.नंतर काय करता येईल याचा सल्ला त्यांच्याकडे मागा, आणि गणपतीत बोललेले तुम्हाला लागले, हेही भेटून शांतपणे सांगा. फोनवर नको. बाबांचा प्रॉव्हिडंट फंड आणि विमा यांची आठवण काढलीत तर तुमचे म्हणणे त्यांना लवकर पटेल, कारण त्या गोष्टी तुमच्यापेक्षा त्यांनीच जास्त पाहिल्या आहेत.

कंत्राटदाराला होकार कळवण्यापूर्वी नियुक्तिपत्र लेखी मागा आणि त्यात पूर्ण १५,००० रुपये मूळ वेतन म्हणून लिहिलेले आहे ना, ते पाहा. पहिल्या महिन्यात प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन क्रमांक आणि ईएसआयचा विमा क्रमांक दोन्ही मागून घ्या, आणि पगारातून कापलेली रक्कम खरोखर भरली जाते का हे मुलीकडून सरकारच्या उमंग ॲपवर दर महिन्याला तपासून घ्या. कापायचे आणि भरायचे नाही, ही फसवणूक कंत्राटी कामात वरचेवर होते. तो पूर्ण पगार कागदावर द्यायला तयार नसेल तर आठवडाभर थांबा आणि आणखी एक-दोन ठिकाणी चौकशी करा. तुमच्या हाताला चव आहे, ऑर्डरी चालू आहेत आणि या महिन्याचा हप्ताही जमा झाला आहे, तेव्हा त्याच्या अटी मान्य करण्याची घाई तुम्हाला नाही.